कॅप बसवायची घाई करू नका

नमस्कार मंडळी, मी दातांचा डॉक्टर, लातूरहून बोलतोय. आज इम्प्लांटबद्दल सांगतो, म्हणजे हाडात बसवतात तो टायटॅनियमचा स्क्रू, आणि त्यातही एकच गोष्ट, वर कॅप बसवायच्या आधी तो पक्का झालाय का हे कसं बघतात.

मागं औशाकडच्या एक मावशी आल्या, शुगरच्या पेशंट, खालच्या दाढेचं इम्प्लांट करून 3 महिने झालते आणि घरात पुतण्याचं लग्न. "दुखत नाही, हलत नाही, बसवा की आता कॅप" म्हणल्या. बोटानं हलवलं तर खरंच हलत नव्हतं, पण बोटाला सगळं थोडीच कळतंय. मग मी त्या स्क्रूवर चुंबकाचा बारीक पेग हातानंच फिरवून बसवला, स्क्रूची पकड मोजायच्या मशीनचं टोक न टेकवता जवळ नेलं, बीप वाजलं, एकदा गालाकडून अन् एकदा शेजारच्या दाताकडून. आकडा आला 56. बसवलं त्या दिवशी होता 68.

ह्या आकड्याला आयएसक्यू म्हणतात, 1 ते 100 असतो, 70 च्या वर गेला की निवांत, 60 च्या खाली असला की थांबायचं. पण नुसत्या आजच्या आकड्यावर जाऊ नका, पहिल्या दिवशीचा लिहून ठेवलेला पाहिजेच. कारण काय, सुरुवातीला स्क्रू घट्ट असतो तो निव्वळ आवळल्यामुळं, ठोकलेल्या खुंट्यासारखा, मग भोवतीचं जुनं हाड झिजतं, नवं हळूहळू धरायला लागतं, म्हणून तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पकड जरा ढिली पडते, त्याला घाबरायचं नाही. 3 महिन्यांनी पण खालीच असेल तर मात्र हाडानं अजून नीट धरलेलं नाही, अशात कॅप घातली आणि भाकरी चावायचा जोर आला तर स्क्रूच सुटायची भीती.

मावशी नाराज झाल्या, होणारच. एक्सरे काढला, शुगर आटोक्यात आणली, मिश्री सोडायला लावली, ते सगळ्यात अवघड गेलं. दोन महिन्यांनी आकडा 71, त्याच आठवड्यात कॅपचं माप घेतलं.

तुम्हीपण विचारा, पहिला आकडा किती, आजचा किती. मशीन नसलं तर एक्सरे बघतात, ठोकून आवाज ऐकतात, तेही विचारा. आणि वरचा भाग आवळताना आत दुखलं किंवा स्क्रूच फिरतोय असं वाटलं, तर गप्प बसू नका, तिथंच हात वर करा.