तर्री सुटेपर्यंत : हॉटेलसारखी चिकन ग्रेव्ही घरच्या गंजात

नागपुरात कोंबडीच्या रश्श्याविषयी बोलायचे म्हटले की सावजीचे नाव आधी येते, आणि ते योग्यच आहे. परंतु खसखस, सुके खोबरे आणि दगडफूल भाजून वाटलेल्या त्या झणझणीत रश्श्याची घडण निराळी. आज मला बोलायचे आहे ते नान किंवा तंदुरी रोटीबरोबर येणाऱ्या, कांदा, टोमॅटो आणि काजूच्या दाट, लालसर ग्रेव्हीविषयी. ती घरी जमत नाही म्हणून आपण मसाल्याच्या पुड्या बदलत राहतो. माझ्या मते खरी गोष्ट पुडीत नाही, पाण्यात आहे.

एक किलो चिकनला अर्धा किलो कांदा घ्यावा आणि तो बारीक, एकसारखा चिरावा. कांद्याच्या वजनाचा जवळजवळ नऊ-दशांश भाग पाणी असतो, आणि जोवर ते पाणी गंजात, म्हणजे पातेल्यात, आहे तोवर कांद्याचे तापमान १०० अंशांच्या फारसे वर जात नाही. ज्या क्रियेमुळे कांद्याला बदामी रंग आणि गोडसर, खमंग चव येते ती मात्र साधारण १४० अंशांच्या आसपास वेग घेते. म्हणून पहिली दहा मिनिटे कांदा केवळ शिजतो, भाजला जात नाही. गुलाबी झाला की आपण घाईने टोमॅटो ओततो आणि नेमके तिथेच हॉटेलची चव हातची जाते. मध्यम आचेवर, सुमारे अर्धी वाटी तेलात, पंचवीस मिनिटे तरी द्यावीत. तेलाचा संकोच करू नये. नको असल्यास वरचे तेल नंतर काढून घेता येते.

मग वाटलेले आले-लसूण घालावे, आणि त्याचा कच्चा वास गेल्यावर आच अगदी मंद करून तिखट घालावे. मिरचीचा लाल रंग पाण्यात नव्हे, तेलात उतरतो, म्हणून तिखटाला तेलात अर्धे मिनिट मिळाले पाहिजे. त्याहून अधिक दिल्यास ते करपते. रंगासाठी काश्मिरी मिरची आणि ठसक्यासाठी आपल्याच जिल्ह्यातली भिवापुरी, अशी जोडी मला सर्वांत समाधानकारक वाटते. लगेच तीन टोमॅटोंचा रस घालावा. हे पुन्हा पाणीच, आणि तेही आटले पाहिजे. मसाल्यात पाणी असेतो तेलाचे बारीक थेंब त्यातच अडकून राहतात. पाणी उडाले की ते एकत्र येऊन कडेने बाहेर पडतात. आपण ज्याला तर्री म्हणतो ती दिसणे म्हणजे मसाला शिजल्याची खूण होय. ती दिसेपर्यंत चिकन घालू नये, एवढा आग्रह मी धरतो.

हॉटेलात ही ग्रेव्ही सकाळीच मोठ्या पातेल्यात करून ठेवतात आणि मागणी आली की वेगळे शिजवलेले चिकन तिच्यात घालतात. घरी दोन्ही एकत्र शिजते, आणि हे आपल्या फायद्याचे आहे, कारण हाडांचा अर्क रश्श्यातच राहतो. त्यासाठी तुकडे हाडांसकट घ्यावेत. दही, मीठ आणि हळद लावून तासभर ठेवावेत. मोठ्या आचेवर पाच मिनिटे परतून, झाकण ठेवून मंद आचेवर शिजवावेत. चिकनलाही पाणी सुटते, तेव्हा वरून पाणी ओतण्याआधी दहा मिनिटे थांबावे, आणि घालायचेच तर कडकडीत गरम घालावे.

काजूची पेस्ट, वीस काजूंची पुरे, चिकन शिजत आल्यावर घालावी. आधी घातली तर ती तळाला लागते आणि तो वास पुढे कशानेही जात नाही. शेवटी गरम मसाला, आणि तव्यावर किंचित गरम करून चुरलेली कसुरी मेथी. या दोहोंचा सुगंध उडून जाणारा असल्याने ती घालताच गॅस बंद करून झाकण ठेवावे. काजूमुळे ग्रेव्ही निवताना आणखी दाटते, म्हणून उतरवताना ती हवी त्याहून थोडी पातळच ठेवावी, आणि सांभार, म्हणजे कोथिंबीर, वाढतानाच वर पेरावा.