दंडातलं एवढुसं इंजेक्शन

नमस्कार मंडळी! बाळाच्या लसीचा डोस किती नि त्यावर प्रतिकारशक्ती कशी तयार होते हे सांगायचंय, पण आधी एका आजींचा किस्सा, नाहीतर मला चैन पडायचं नाही.

अंगणवाडीत लसीकरण चाललेलं. दीड महिन्याचा नातू घेऊन आजी आलेल्या. सिस्टरनी एका मांडीत पेंटा (पाच आजारांवरची एकत्र लस) दिली, दुसरीत पीसीव्ही (न्यूमोनियावरची), आणि मग पोलिओची लस उजव्या दंडावर, कातडीतच, जेमतेम ०.१ मिली. आजींनी चष्मा वर केला, सिरिंज निरखून बघितली आणि सगळ्यांदेखत म्हणाल्या, "ओ बाई, मांडीत भरभरून आणि दंडात एवढुसं? बाकीचं कुठं गेलं?" बाया हसायला लागल्या, मला वाटलं आता जुंपणार. पण सिस्टर बेरकी, त्यांनी बाळाचा दंडच पुढे केला, मसुरीएवढी पांढरट फुगी आलेली. "ही काय, इथंच आहे तुमचं औषध." आजी वाकून बघतायत, बोट लावायला गेल्या तर सिस्टरनी हातच धरला. "मग मांडीवर का नाही आली फुगी?" आता बोला!

तर मांडीतली सुई जाते खोल स्नायूत, ही राहते कातडीत. आणि कातडीत पहारेकरी पेशी भरपूर, त्या लस उचलून जवळच्या लसिकाग्रंथीत (रोगाशी लढणाऱ्या पेशींच्या छोट्या गाठीत) नेतात, तिथं अँटीबॉडीचं काम सुरू होतं. म्हणून ०.५ मिलीचा पाचवा हिस्सा चालतो. पण एकदा देऊन नाही हां, सहाव्या आठवड्यात एक, चौदाव्यात एक. दोन छोटे डोस एका पूर्ण डोसपेक्षा चांगलं काम करतात. जगात लसीचा तुटवडा होता तेव्हा, २०१६ पासून आपल्या देशात हे सुरू झालं, २०२३ पासून नवव्या महिन्यात तिसराही देतात.

आणि अजून एक सांगते, लसीचा डोस वजनावर नसतो. तापाचं सिरप वजन बघून, लस नाही. दिवस भरायच्या आधी जन्मलेल्या बाळालाही पेंटा पूर्ण अर्धा मिली, "बारकंय हो, अर्धीच द्या" असं म्हणायचं नाही. बीसीजी (क्षयरोगावरची लस) महिन्याच्या आत ०.०५ मिली, नंतर ०.१, पण तेही वय बघून, वजन नाही. (आणि मे महिन्यात बाळाला चार दुपट्यांत कशाला गुंडाळता, मांडी सापडेपर्यंत सिस्टरला घाम फुटतो!)

पेंटाचा दुसरा डोस लांबला तर पहिल्यापासून नाही, राहिला तिथून पुढे. कार्ड तेवढं बरोबर आणा.