टॅपेट कव्हरमधून ऑईल पाझरतंय? बोल्ट आवळायच्या आधी हे बघा

नमस्कार मंडळी. गाडी थांबवलीत आणि बॉनेटमधून करपट वास आला, तर तो मनावर घ्या. इंजिनाच्या सगळ्यात वरच्या झाकणाला आपण टॅपेट कव्हर म्हणतो. त्याच्या पॅकिंगमधून ओघळलेलं ऑईल तापलेल्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर (इंजिनातला धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांवर) पडून जळतं, त्याचा हा वास. "थोडंसंच गळतंय" म्हणून सोडून देऊ नका, आग लागू शकते.

आता बहुतेक जण काय करतात? पाना घेतात आणि बोल्ट करकचून आवळतात. मीही सुरुवातीला हेच केलं होतं, आणि हेडमधले, म्हणजे कव्हरच्या खालच्या भागातले, आटेच निघून आले! हे बोल्ट बारीक असतात आणि हेड अॅल्युमिनियमचं. बऱ्याच गाड्यांत इथला टॉर्क, म्हणजे आवळायचा जोर, ८ ते १० न्यूटन-मीटरच असतो. १० म्हणजे किती? एक मीटर लांब दांडीच्या टोकाला साधारण एक किलो वजन टांगलं, तेवढाच जोर. त्यात वर्षानुवर्षं उष्णता खाऊन पॅकिंगचं रबर कडक झालेलं असतं. ते कितीही दाबलं तरी पुन्हा मऊ होणार नाही. पॅकिंगच बदलावं लागतं.

त्याच्याही आधी पीसीव्ही व्हॉल्व्ह तपासा. माझ्या मते सगळ्यात जास्त दुर्लक्ष इथेच होतं. पिस्टनच्या बाजूने थोडा गॅस खाली उतरतच असतो, आणि तो या व्हॉल्व्हमधून पुन्हा इनटेकमध्ये (इंजिनात हवा जाते त्या वाटेत) खेचला जातो. व्हॉल्व्ह चोंदला की आतला दाब वाढतो आणि ऑईल जिथे वाट मिळेल तिथून बाहेर येतं. मग नवं पॅकिंगही टिकत नाही. सुटा व्हॉल्व्ह असेल तर काढून कानाजवळ हलवा. खुळखुळ आवाज आला नाही तर बदला. काही इंजिनांत तो कव्हरमध्येच असतो, तिथे ही युक्ती चालत नाही.

आता पॅकिंग. इंजिन पूर्ण गार होऊ द्या. कव्हर निघालं की खरं काम साफसफाईचं. जुन्या रबराचे तुकडे प्लॅस्टिकच्या पट्टीने काढा. पोलादी पातं लावलंत तर अॅल्युमिनियमवर चरा पडेल आणि त्याच चऱ्यातून ऑईल पाझरेल. मग ब्रेक क्लीनर आणि स्वच्छ फडकं. तेलकट जागेवर काहीच नीट बसत नाही. कव्हर प्लॅस्टिकचं असेल तर सपाट पट्टी ठेवून वाकलंय का बघा. वाकलं असेल तर कव्हरच बदलावं लागेल.

स्पार्क प्लग कव्हरमधून आत जात असतील तर त्या विहिरींची सीलंही नवी घाला. तिथे ऑईल साचलं की इंजिन मिसिंग करतं, म्हणजे अडखळत चालतं.

सिलिकॉन (फटी बुजवायची ट्यूबमधली पेस्ट) सगळीकडे फासू नका, हे कळकळीने सांगतो. टायमिंग कव्हर (टायमिंग चेनवरचं झाकण) आणि हेड मिळतात त्या कोपऱ्यांवर छोटे ठिपके पुरे. जास्तीचं सिलिकॉन आत दबतं, तुटतं आणि ऑईल पंपाच्या जाळीत जाऊन अडकतं.

बोल्ट आधी हाताने बसवा, मग मधून बाहेर, दोन-तीन फेऱ्यांत टॉर्क रेंचने (जोर मोजून आवळणाऱ्या पान्याने) आवळा. आकडा तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधलाच घ्या. सिलिकॉन वाळायला ट्यूबवर लिहिलाय तेवढा वेळ द्या. मग दहा मिनिटं इंजिन चालवा, टॉर्च घ्या आणि मागची बाजू आधी बघा. ती हाताला लागत नाही, म्हणून तिथलाच बोल्ट बऱ्याचदा सैल राहतो.