यंगस्टाउनचा शेवटचा अंक

अध्यक्ष महोदय, वाचनालयाचे कार्यकर्ते आणि मित्रहो,

३१ ऑगस्ट २०१९ ला शनिवार होता. ओहायो राज्यातल्या यंगस्टाउन शहराच्या ‘द व्हिंडिकेटर’ या दैनिकाचा त्या दिवशी शेवटचा अंक निघाला. १८६९ साली सुरू झालेलं पत्र दीडशे वर्षं चालून थांबलं. त्या शहराला लागून असलेल्या एका लहान गावात मी १९८८ पासून राहत आलो आहे. त्या सकाळी मी नाक्यावरच्या दुकानात गेलो, तर पेपरसाठी रांग लागलेली. माझ्या पुढे आमच्याच गल्लीतले एक आजोबा उभे होते. सगळं आयुष्य पोलादाच्या भट्टीवर काढलेला माणूस. त्यांनी पाच अंक घेतले आणि मागे वळून मला म्हणाले, “माझं लग्न यात छापून आलं, माझे वडील गेले तेव्हा तेही यात आलं. माझं कुठे येणार?”

तुम्ही मला अमेरिकेच्या राजकारणावर बोलायला बोलावलंत. मी एका बंद पडलेल्या पेपरपासून सुरुवात का करतोय, असं वाटत असेल. इथे आल्यापासून जो भेटतो तो विचारतो की अमेरिकेत माणसं एकमेकांवर एवढी चिडलेली का आहेत, ट्रम्प दुसऱ्यांदा कसे निवडून आले, टीव्हीवर सारखी भांडणं का चालतात. या प्रश्नांकडे वॉशिंग्टनहून पाहिलं तर एक उत्तर दिसतं. आमच्या गावातून पाहिलं तर दुसरं दिसतं. मी आज ते दुसरं सांगणार आहे, कारण ते मी डोळ्यांनी पाहिलंय.

यंगस्टाउन म्हणजे पोलाद. महोनिंग नदीच्या काठाने मैलोन्‌मैल भट्ट्या होत्या. १९३० मध्ये शहराची वस्ती एक लाख सत्तर हजार होती, २०२० च्या जनगणनेत ती साठ हजारांवर आली. पडझडीची तारीख तिथलं शाळकरी पोरसुद्धा सांगतं: १९ सप्टेंबर १९७७. त्या दिवशी यंगस्टाउन शीट अँड ट्यूब कंपनीने आपला कॅम्पबेल कारखाना बंद करत असल्याचं जाहीर केलं. सुमारे पाच हजार नोकऱ्या एका घोषणेत गेल्या. तिथली माणसं त्या दिवसाला ‘ब्लॅक मंडे’ म्हणतात. मी पोचलो तेव्हा दहा वर्षं उलटून गेली होती, पण कुणाच्याही स्वयंपाकघरात बसलं की अर्ध्या तासात विषय तिथेच यायचा. आपल्याकडे गिरणी संपानंतर लालबाग-परळच्या घरांत जे पाहिलं, तेच मी तिथे पाहिलं. बाप घरी बसलेला, आई दोन ठिकाणी कामाला, मुलगा दुसऱ्या गावाला गेलेला.

या शहराची दुसरी ओळखही होती, ती गुन्हेगारीची. साठच्या दशकात तिथे गाड्यांत बॉम्ब ठेवून माणसं मारली जायची. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस केंद्रीय तपास झाला आणि न्यायाधीश, सरकारी वकील, शेरीफ अशी मोठमोठी माणसं शिक्षेला पात्र ठरली. तिथले खासदार जेम्स ट्रॅफिकंट २००२ मध्ये लाचखोरीत दोषी ठरले आणि प्रतिनिधीगृहाने त्यांना काढून टाकलं. अशा शहरात रोज सकाळी पेपर काढायला काय छाती लागत असेल, याचा विचार करा. एकाच घराण्याने चार पिढ्या तो काढला.

पण व्हिंडिकेटर मला जवळचा वाटायचा तो या मोठ्या बातम्यांमुळे नाही. पहाटे पाच वाजता प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला अंक गाडीरस्त्यावर पडायचा. त्याचा आवाज मला अजून आठवतो. आतल्या पानांत काय असायचं? शुक्रवारी रात्री झालेल्या शाळांच्या फुटबॉल सामन्यांचे निकाल, निधन वार्ता, नगर परिषदेच्या बैठकीचा वृत्तांत, पाण्याच्या पाइपलाइनची निविदा, जाहीर नोटिसा. आणि निवडणुकीच्या आधी शाळांच्या लेव्हीचा हिशेब.

ही लेव्ही जरा समजून घ्या, म्हणजे पुढचं कळेल. ओहायोत शाळेला जास्तीचा पैसा हवा असेल तर बहुतेक वेळा मालमत्ता कर वाढवावा लागतो आणि त्यासाठी गावाचं मत घ्यावं लागतं. कराचं माप म्हणजे ‘मिल’, हजार डॉलरमागे एक डॉलर. पण हा कर घराच्या पूर्ण बाजारभावावर लागत नाही, त्याच्या ३५ टक्क्यांवर लागतो. लाख डॉलरचं घर असेल तर कर ३५ हजारांवर. म्हणजे पाच मिलची लेव्ही पास झाली तर वर्षाला १७५ डॉलर. सामान्य माणसाला हे गणित पटकन जमत नाही. मी इंजिनिअर असूनही मला पहिल्या वर्षी कागद घेऊन बसावं लागलं. पेपरातला बातमीदार दरवेळी तो हिशेब चौकटीत मांडायचा: घराची किंमत इतकी, तर कर इतका, आणि या पैशातून शाळा काय काय करणार. लोक हो म्हणायचे, नाही म्हणायचे, पण भांडण १७५ डॉलरवर व्हायचं. शेजारी शेजाऱ्याशी भांडायचा आणि दुसऱ्या दिवशी त्याच्याच अंगणातला बर्फ उपसायला जायचा.

आता हा पेपर बुडाला कसा? व्हिंडिकेटर कुणी सेन्सॉर केला नाही की त्यावर बंदी घातली नाही. त्याच्या जाहिराती गेल्या. अमेरिकन वर्तमानपत्र पूर्वी वर्गणीवर चालत नव्हतं. उत्पन्नाचा मोठा वाटा जाहिरातींचा, आणि त्यातही छोट्या जाहिरातींचा: जुनी गाडी विकणे आहे, घर भाड्याने देणे आहे, वेल्डर पाहिजेत. ओळीमागे पैसे मिळायचे आणि छापायला खर्च जवळजवळ शून्य. त्या पैशावर नगर परिषदेच्या रटाळ बैठकीत तीन तास बसणारा बातमीदार पोसला जायचा. मग क्रेगलिस्टसारखी संकेतस्थळं आली, तिथे हीच जाहिरात फुकट. पुढे गूगल आणि फेसबुकने उरलेल्या जाहिराती नेल्या. २००५ मध्ये अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांचं जाहिरातींचं उत्पन्न ४९ अब्ज डॉलरच्या आसपास होतं. २०२० मध्ये ते दहा अब्जांच्याही खाली गेलं. वर्तमानपत्रांच्या संपादकीय विभागांत २००८ मध्ये ७१ हजार माणसं होती, बारा वर्षांनी ३१ हजार उरली. २००५ पासून तिथली एक तृतीयांशाहून जास्त वर्तमानपत्रं बंद पडली. मोठी पत्रं टिकली, न्यूयॉर्क टाइम्सचे तर एक कोटीहून जास्त वर्गणीदार झाले. मेली ती गावची.

जी वाचली, त्यांतली बरीचशी गुंतवणूक कंपन्यांच्या हाती गेली. इमारत विकायची, माणसं कमी करायची, वर्गणी वाढवायची आणि शेवटचा थेंब निघेपर्यंत पिळायचं, असा त्यांचा धंदा. २०१८ च्या एप्रिलमध्ये ‘डेन्व्हर पोस्ट’ने आपल्याच मालकांविरुद्ध अग्रलेख छापला होता. त्या संपादकांनी नोकरी पणाला लावून लिहिलं, त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे.

रिकामी जागा रिकामी राहत नाही. गावचा पेपर गेला तरी माणसाची बातमीची भूक जात नाही. तो टीव्ही लावतो. अमेरिकेतल्या केबल वाहिन्यांचं अर्थकारण वेगळं आहे. केबल घेणाऱ्या प्रत्येक घराकडून दरमहा ठरावीक पैसे वाहिनीला मिळतात, तुम्ही ती बघा वा न बघा. तेव्हा सगळ्यांना आवडण्याची गरज नाही. काही लाख लोकांना ती इतकी हवीहवीशी वाटली पाहिजे की काढून टाकली तर ते केबल कंपनीच्या नावाने ओरडतील. अशी ओढ रागातून आणि भीतीतून चटकन लागते. फॉक्स न्यूज आणि एमएसएनबीसी (२०२५ पासून तिचं नाव एमएस नाऊ), दोन्ही १९९६ सालच्या. दोघींचा कल विरुद्ध, पण या गणितातून सुटका कुणाचीच नाही. पुष्कळ जण म्हणतात की १९८७ मध्ये ‘फेअरनेस डॉक्ट्रिन’, म्हणजे वादाच्या विषयावर दोन्ही बाजू मांडण्याची सक्ती, रद्द झाली म्हणून हे झालं. रेडिओपुरतं त्यात तथ्य आहे. पण तो नियम सरकारी परवान्यावर चालणाऱ्या प्रक्षेपणासाठी होता. केबलच्या बातम्यांना त्याने वेसण घातली असती, असं मला वाटत नाही.

केबलवर आमच्या गावची पाइपलाइन कधीच येत नाही. तिथे येतं वॉशिंग्टन. सकाळी वॉशिंग्टन, रात्री वॉशिंग्टन.

२५ जुलै २०१७ ला ट्रम्प यंगस्टाउनला आले. त्यांनी भरसभेत लोकांना सांगितलं की गेलेल्या नोकऱ्या परत येणार आहेत, गाव सोडू नका, घर विकू नका. ज्या माणसांनी चाळीस वर्षं कुणाच्या तोंडून हे ऐकलं नव्हतं, त्यांचे डोळे भरून आले. मी त्या लोकांना हसणार नाही, आणि दुसऱ्या कुणी हसलेलंही मला चालणार नाही. डेमोक्रॅटिक पक्षाने त्यांना पिढ्यान्‌पिढ्या गृहीत धरलं होतं. पण जवळच लॉर्ड्सटाउनमधला जनरल मोटर्सचा कारखाना १९६६ पासून गाड्या बनवत होता. मार्च २०१९ मध्ये तिथली शेवटची गाडी बाहेर पडली आणि दारं बंद झाली. ऑगस्टमध्ये पेपर बंद झाला. म्हणजे सगळ्यात मोठा कारखाना गेला आणि तो का गेला, कुणी काय वचन दिलं होतं, कामगारांचं पुढे काय झालं हे वर्षानुवर्षं विचारत राहणारी जागाही त्याच वर्षी गेली. २०२० च्या निवडणुकीत महोनिंग काउंटीने, म्हणजे यंगस्टाउनच्या जिल्ह्याने, रिपब्लिकन उमेदवाराला कौल दिला, १९७२ नंतर पहिल्यांदा. पेपर बंद पडला म्हणून मतं फिरली, असं मी म्हणत नाही. मतं आधीपासून सरकत होती, त्याला पोलाद, चीन, पक्षाची बेफिकिरी अशी अनेक कारणं आहेत. मी बोलतोय ते भांडण कशावर होतं याबद्दल.

त्यानंतर दोन-अडीच वर्षांनी आमच्या गावात पुन्हा लेव्ही आली. शाळेच्या जिममध्ये सभा होती, घडीच्या खुर्च्या मांडलेल्या, साठ-सत्तर माणसं. हिशेबाची चौकट कुठेच छापून आली नव्हती. लोक फेसबुकवरचं वाचून आले होते. दहा मिनिटांच्या आत एक गृहस्थ उठून म्हणाले की हा पैसा आमच्या मुलांना देशाचा द्वेष शिकवायला वापरणार. दुसरीकडून कुणी ओरडलं, तुम्ही सहा जानेवारीवाले, म्हणजे २०२१ मध्ये त्या दिवशी संसदेवर चालून गेलेल्यांपैकी. मग मास्क आले, बायडन आले, ट्रम्प आले. मागच्या रांगेतल्या एका बाईने तीनदा हात वर केला. तिला एवढंच विचारायचं होतं की लेव्ही नामंजूर झाली तर तिच्या रस्त्यावरची शाळेची बस बंद होणार का. तिच्या अंगावर नर्सिंग होमच्या कामाचे कपडे होते, सहाला तिची कामाची वेळ सुरू व्हायची. तिला उत्तर न घेताच जावं लागलं. लेव्ही नामंजूर झाली. बस बंद झाली.

गावचा बातमीदार नसला की नुकसान पैशातही मोजता येतं. लॉस एंजेलिसजवळ बेल नावाचं गरीब लोकांचं शहर आहे, २०१० मध्ये वस्ती पस्तीस हजारांच्या आसपास. तिथल्या कारभारात रोज लक्ष घालणारं पत्र उरलं नव्हतं. तिथला नगर व्यवस्थापक वर्षाला जवळजवळ आठ लाख डॉलर पगार घेत होता, हे २०१० मध्ये लॉस एंजेलिस टाइम्सच्या बातमीदारांनी शोधून काढलं, तेव्हा गावाला कळलं. आणखी एक अभ्यास मला फार महत्त्वाचा वाटतो, २०२० साली अर्थशास्त्राच्या नियतकालिकात आलेला. पेपर बंद पडलेल्या काउंट्यांत स्थानिक संस्थांना कर्जरोख्यांवर ०.०५ ते ०.११ टक्के जास्त व्याज द्यावं लागलं. दहा कोटी डॉलरच्या कर्जावर हे वर्षाला पन्नास हजार ते एक लाख दहा हजार डॉलर होतात. कर्ज देणाऱ्यालाही कळतं की इथे आता कुणाची नजर नाही. पेपरची वर्गणी वाचते आणि माणूस करातून ते पैसे भरतो.

सरकारने यात पडू नये, असं तिकडे पुष्कळ लोक म्हणतात. त्यांना मी १७९२ चा टपाल कायदा दाखवतो. त्या काळी साध्या पत्राला दूरच्या प्रवासाला पंचवीस सेंट पडायचे, आणि वर्तमानपत्र शंभर मैलांपर्यंत एका सेंटमध्ये जायचं, पुढे दीड सेंटमध्ये. प्रजासत्ताक नुकतंच उभं राहत होतं आणि त्या लोकांनी ठरवलं की बातमी स्वस्तात पोचलीच पाहिजे. त्याच देशाच्या संसदेने २०२५ च्या जुलैमध्ये सार्वजनिक रेडिओ-टीव्हीचे १.१ अब्ज डॉलर परत घेतले. मोठ्या शहरांतली केंद्रं देणग्यांवर तग धरतील. डोंगरातल्या, आदिवासी भागांतल्या केंद्रांनी काय करायचं? हा निर्णय मला अतिशय चुकीचा वाटतो.

व्हिंडिकेटर हे नाव पुढे शेजारच्या वॉरन शहरातल्या दैनिकाने विकत घेतलं आणि त्या नावाची आवृत्ती ते काढत राहिले. तिथली माणसं कष्ट करतात. पण तीन-चार गावांच्या बैठका एकाच संध्याकाळी असतात आणि बातमीदार एक असतो.

पाच अंक घेणारे ते आजोबा गेल्या हिवाळ्यात वारले. आमच्या घरापासून त्यांचं घर सात घरं पलीकडे. मला कळलं ते तीन आठवड्यांनी, त्यांच्या दारात घर विक्रीची पाटी लागली तेव्हा. निधन वार्ता अंत्यविधी करणाऱ्या संस्थेच्या वेबसाइटवर होती, मुलीने दिलेली, फोटोसकट. भट्टीवर किती वर्षं काम केलं, कोणत्या चर्चमध्ये जायचे, सगळं नीट लिहिलं होतं. खाली शोकसंदेशासाठी जागा होती. तिथे मी धरून चार नावं होती.