बॉम्बे स्ट्रीट, बेलफास्ट

(दृश्य: सकाळ. एकाला एक लागून विटांची दुमजली घरं. गल्लीच्या नावाची पाटी.)

या गल्लीचं नाव बॉम्बे स्ट्रीट. शेजारून काश्मीर रोड जातो. जवळच कॉनपूर स्ट्रीट आहे, म्हणजे आपलं कानपूर. साम्राज्य जोरात होतं तेव्हाची ही नावं. शहर मात्र उत्तर आयर्लंडमधलं, बेलफास्ट.

आता घरांच्या मागे चला. परसावर लोखंडी जाळी आहे, पार छपरापर्यंत. पहिल्यांदा पाहिलं की कोंबड्यांची खुराडी आठवतात. पण या जाळीच्या आत माणसं कपडे वाळत घालतात. पलीकडून दगड किंवा बाटली आली तर डोकं फुटू नये, म्हणून ही जाळी. परस संपतं तिथे भिंत. अलीकडे कॅथलिक, पलीकडे शँकिल भागातले प्रोटेस्टंट.

ऑगस्ट १९६९ मध्ये जमावाने ही गल्ली जाळली. पुढच्याच महिन्यात ब्रिटिश लष्कराने मध्ये अडसर घातला. सोय अगदी तात्पुरती आहे, या शहरात बर्लिनची भिंत होऊ देणार नाही, असं लेफ्टनंट जनरल फ्रीलंड तेव्हा म्हणाले होते. बर्लिनची भिंत १९८९ मध्ये पडली. ही वाढत गेली. खाली काँक्रीट, त्यावर पत्रा, त्यावर पुन्हा जाळी.

भांडण देवाचं नाही, दोघांचा ख्रिस्त एकच. ब्रिटनमध्ये राहायचं की आयर्लंडमध्ये जायचं, हा वाद. बहुतेक प्रोटेस्टंटांना राहायचं, बहुतेक कॅथलिकांना जायचं. धर्मावरून फक्त बाजू ओळखायची. त्या ओळखण्यात तीस वर्षांत साडेतीन हजारांच्या आसपास माणसं गेली.

(दृश्य: बसस्टॉप. शाळेच्या गणवेशातली मुलं.)

आपल्याकडे नाव सांगितलं की समोरचा थांबतो. ‘पूर्ण नाव?’ आडनाव कळल्याशिवाय त्याला चैन नसते. इथे विचारतात, शाळा कोणती? शाळेच्या नावातच उत्तर असतं, कारण दोन्ही समाजांची मुलं मुद्दाम एकत्र शिकवणारी शाळा इथे दहातल्या एकाही मुलाच्या वाट्याला येत नाही. अंगात कोणत्या शाळेचा ब्लेझर असताना कोणत्या स्टॉपवर उभं राहायचं नाही, हे पोरांना शिकवावं लागत नाही. इंग्रजी आठवं अक्षर कॅथलिक ‘हेच’ म्हणतात, प्रोटेस्टंट ‘एच’. आपल्या ‘यच’ला कोणती बाजू मिळेल कोण जाणे!

(दृश्य: क्लोनार्ड मठ. मेणबत्त्या.)

बॉम्बे स्ट्रीटच्या डोक्यावरच क्लोनार्डचा कॅथलिक मठ आहे. १९८१ मध्ये, आयर्लंडवादी कैद्यांच्या तुरुंगातल्या उपोषणांनी शहर पेटलं होतं त्या वर्षी, इथले काही जण फिट्झरॉय या प्रेस्बिटेरियन, म्हणजे प्रोटेस्टंट, चर्चच्या लोकांबरोबर बायबल वाचायला बसू लागले. मठातले फादर गेरी रेनॉल्ड्स मेथॉडिस्ट, म्हणजे प्रोटेस्टंटच, पाद्री सॅम बर्च यांच्याबरोबर सांत्वनाला जात. मेलेला कोणत्या बाजूचा, हे न बघता, जोडीने. आज हे साधं वाटेल. पण ज्या घरात कालच गोळी लागून मुलगा गेलाय, तिथे ‘त्यांचा’ पाद्री दार वाजवतो, त्या क्षणी दाराच्या दोन्ही बाजूंना किती भीती असेल!

(दृश्य: अलेक्झांड्रा पार्क. हिरवळीतून जाणारी पोलादी भिंत.)

ही बागेतली भिंत. ३१ ऑगस्ट १९९४ ला आयआरएने, म्हणजे आयर्लंडमध्ये जाण्यासाठी लढणाऱ्या सशस्त्र संघटनेने, शस्त्रसंधी जाहीर केली आणि दुसऱ्याच दिवशी हिचं काम सुरू झालं. शांततेनंतर भिंत! विचित्र वाटतं, पण लोकांनी कागदावर विश्वास ठेवला नाही, ठेवला तो पत्र्यावर. २०११ मध्ये तिला एक दार पाडलं, दिवसा काही तास उघडणारं.

१९९८ चा शांतता करार झाला. २०२३ पर्यंत सगळ्या भिंती काढायच्या, असं सरकारने २०१३ मध्ये ठरवलं. ते वर्ष गेलं, भिंती राहिल्या. काढायला कुणाची ना नसते. फक्त, आत्ता नको. माझ्या घरामागची तर नकोच. त्यांना भेकड म्हणणं सोपं आहे, आपल्या परसात बाटल्या पडत नाहीत.

(दृश्य: संध्याकाळ. लॅनार्क वे.)

इथे भिंतीत फाटक आहे. एप्रिल २०२१ मध्ये इथे बस जाळली, फाटकावरून पेट्रोल बॉम्ब इकडून तिकडे गेले. फेकणाऱ्यांत कितीतरी पोरं करारानंतर जन्मलेली.

बाकी दिवशी इथून गाड्या जातात, सायकली जातात. रात्री फाटक लागतं. उशिरा आलेली एक गाडी जवळ येते, दिवे फाटकावर पडतात. चालक हॉर्न वाजवत नाही. गाडी मागे घेतो आणि लांबच्या रस्त्याला लागतो.