पुट्टी मारण्याआधी

हे जे काळंकुट्ट छत दिसतंय ते इंदूरच्या जुन्या बाजारातल्या एका गोदामाचं. खाली दुकान, वर दोन मजले माल, प्लास्टिकचे डबे, खोके, वायरची बंडलं. आग विझली, पंचनामा झाला, आणि शेठजींचा पहिला प्रश्न काय, तर पुट्टी कधी मारायची. राजवाडा इथून चालत जाण्यासारखा, १९८४ साली तो जळला तेव्हा त्याचं लाकूड गेलेलं अख्ख्या गावाला दिसलं. काँक्रीटचं तसं नसतं, ते उभं राहतं आणि फसवतं.

इंजिनीअर ताई आत आल्या आणि छताकडे न बघता आधी राखेतच उकिडव्या बसल्या. हे बघा, खिडकीची अ‍ॅल्युमिनियमची चौकट वितळून तिचे थेंब गोठलेत. अ‍ॅल्युमिनियम वितळतं ६६० अंशांना, म्हणजे या कोपऱ्यात आग निदान तिथवर गेली होती. शेजारची तांब्याची वायर मात्र, वरचं कव्हर जळालं तरी शाबूत, तांब्याला १०८५ लागतात, म्हणजे त्याच्या आतच. कोणतं भंगार कुठे पडलंय याचा नकाशा काढतात, त्यावरून आगीचा अंदाज येतो, म्हणून तपासणी होईपर्यंत झाडूवाल्यांना आत सोडायचं नसतं. इथे अर्धा मलबा ट्रॉलीत भरून आधीच गेला होता, काय बोलणार.

बीमखाली लोखंडी टेकू दिसतायत, ते लावतानाचं शूट नाही मिळालं, आम्ही पोचलो तेव्हा लागलेले होते.

आता हातोडी. आवाज ऐका... ठण, ठण, ठण, आणि इथे बद. माठ घेताना आपण वाजवून बघतो ना, तसंच. बद वाजलं की आतला थर सुटलेला, तिथे खडूने गोल. बघता बघता अख्ख्या छतावर खडूच खडू.

आणि हा कोअर, मशीनने कापून काढलेला काँक्रीटचा गोल तुकडा. ताई बोट फिरवतायत तिथे फिकट गुलाबी झाक दिसते? काँक्रीट साधारण ३०० अंशांच्या वर तापलं की असा रंग येतो, आणि ताकद खरी घसरायला लागते तीही तिथूनच. आपल्याकडची गिट्टी काळ्या दगडाची, तिच्यात रंग पटकन कळत नाही, मधल्या रेतीत बघायचं. पट्टी लावली, गुलाबी भाग जवळजवळ ३० मिलिमीटर आतपर्यंत. आता स्लॅबमध्ये सरियाच्या, म्हणजे आतल्या लोखंडी सळयांच्या, खाली कव्हर, म्हणजे झाकणारं काँक्रीट, असतं जेमतेम २० मिलिमीटर, म्हणजे सरियापण भाजलाय. लोखंडाचं एक बरं, थंड झालं की गेलेली ताकद बरीचशी परत येते, पण टीएमटी, म्हणजे बाहेरून कडक आणि आतून नरम ठेवलेला सरिया, फारच तापला असेल तर त्याचा बाहेरचा कडक थर नरम पडतो, म्हणून तुकडा कापून लॅबमध्ये खेचून बघावा लागतो. काँक्रीटची गेलेली ताकद अशी परत येत नाही, उलट तापलेला चुना पुढे दमट हवेत पाणी धरून फुगतो आणि भेगा वाढतात, त्यामुळे आग विझल्यावर पंधरा दिवस काही झालं नाही म्हणजे बिल्डिंग पक्की, हे गणितच चुकीचं आहे.

हे मशीन अल्ट्रासोनिकचं, एका बाजूने आवाजाच्या लहरी सोडायच्या, दुसऱ्या बाजूला किती वेळात पोचल्या ते मोजायचं, भेगा असल्या की उशीर होतो. तेच माप न जळलेल्या मागच्या खोलीत घ्यायचं आणि ताडून बघायचं, नुसत्या एका आकड्याला अर्थ नाही. आणि प्लास्टिक जळालं असेल, खास करून पीव्हीसी, तर धुरातला क्लोराइड काँक्रीटवर बसतो आणि पुढे सरियाला गंज लावतो. तो धूर पुट्टीखाली झाकायला निघाले होते लोक!

निकाल लागला, दोन कॉलमना जॅकेटिंग, म्हणजे भोवती नव्या काँक्रीटचं वेष्टन, बीमचं सुटलेलं काँक्रीट खरवडून तिथे मायक्रोकाँक्रीट, म्हणजे बारीक खडीचं काँक्रीट, आणि मधला स्लॅब तोडून नवा. दुकान तोवर बंद, हमालांनी दुसरीकडे काम धरलं.

तोडकाम सुरू झालंय. ब्रेकरचा आवाज असा आहे की इथून पुढे निवेदन ठेवलंच नाही.