कानस शिकवावी कशी?

[आयटीआयची कार्यशाळा. व्हाइसमध्ये पकडलेला पोलादाचा तुकडा. कानशीचा आवाज.]

हा आवाज जरा नीट ऐका. पुढे जाताना खरखर, मागे येताना जवळजवळ काहीच नाही. कानस म्हणजे धातू घासायचं दातेरी हत्यार. तिचे दात पुढे जातानाच कापतात, परतताना दाब द्यायचा नसतो. दोन्ही वेळा सारखाच आवाज आला, तर पाठमोरे उभे असलेले निदेशक, म्हणजे कार्यशाळेतले मास्तर, मान न वळवता म्हणतात, "मागे येताना हात हलका ठेव."

जोडारी, म्हणजे फिटर ट्रेडचे हे पहिले आठवडे. मुलाला दिलेलं काम सांगायला अगदी सोपं आहे: तुकड्याची एक बाजू सपाट कर. तो तासभर घासतो, वर गुण्या (सपाटी आणि काटकोन तपासायचं हत्यार) लावतो, तुकडा खिडकीकडे धरतो. गुण्याच्या पात्याखाली दोन्ही टोकांना उजेड दिसतो. कडा खाली गेल्या, मधला भाग फुगीर राहिला. तो आणखी जोर लावतो. फुगवटा आणखी वाढतो.

[हातांचं जवळून दृश्य, संथ गतीत.]

आता हे दोन हात बघा. कानस पुढे सरकते तशी ती तरफेसारखी वागते. सुरुवातीला टोकावरच्या डाव्या हाताचा दाब जास्त हवा, मध्यावर दोन्ही हातांचा सारखा, आणि शेवटाला मुठीवरच्या उजव्या हाताचा जास्त. हा तोल एका फटक्यात, सेकंदभरात बदलत न्यायचा. तो बदलला नाही की कानस डोलते आणि कडा खाते. जोर वाढवून उपयोग नसतो.

वीस वर्षं कानस चालवलेल्या जोडाऱ्याला विचारा, हे तुम्ही कसं करता? तो म्हणेल, "असं. बघ ना." तो काही लपवून ठेवत नाही. त्याच्या हातात मुरलेलं आहे, ते त्याच्या तोंडात येत नाही, एवढंच. हातातलं शब्दांत आणायचं आणि ते शब्द पुन्हा दुसऱ्याच्या हातात उतरवायचे, हे वेगळं शास्त्र आहे. धातुशास्त्राइतकंच खोल. पदव्युत्तर पातळीवर, संशोधनाच्या शिस्तीने अभ्यासावं असं.

[जुनी चित्रं: लाकडी बाकं, हत्यारांचे फळे.]

या शास्त्राचा एक मोठा टप्पा मॉस्कोत सापडतो. १८६०च्या दशकाच्या अखेरीस तिथल्या इम्पिरियल टेक्निकल स्कूलचे संचालक होते व्हिक्टर देला-वोस. तोवर कारागिरी शिकायची म्हणजे उस्तादाच्या हाताखाली वर्षानुवर्षं राहायचं आणि पडेल ते काम करत जमेल तेवढं उचलायचं. देला-वोस यांनी प्रत्येक कामाची फोड केली. छिन्नीने कापणं, कानस चालवणं, भोक पाडणं, आटे पाडणं. मग या क्रिया सोप्याकडून अवघडाकडे अशा लावल्या आणि प्रत्येक विद्यार्थ्याला स्वतःचं बाक, स्वतःची हत्यारं दिली. विकायची वस्तू बनवणं नंतर, आधी क्रिया. एका शिक्षकाला एकाच वेळी अख्खी तुकडी शिकवता येऊ लागली. १८७६ साली फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनात ही पद्धत मांडली गेली. अमेरिकेतल्या एमआयटीचे अध्यक्ष जॉन रंकल यांनी ती पाहिली आणि आपल्या संस्थेत लगेच तशी कार्यशाळा सुरू करायला घेतली.

आपल्या आयटीआयमधली ही ओळीने मांडलेली बाकं, हा वीस जणांचा वर्ग, हे पायरीपायरीने अवघड होत जाणारे 'जॉब': सगळ्याची नाळ कामाच्या त्या फोडीशी जुळते.

इथे आपल्याविषयी थोडं थांबून बोलायला हवं. आपल्याकडे सुताराचा मुलगा सुतार, लोहाराचा लोहार. घरात डोळ्यांदेखत शिकायचं. त्यातून अप्रतिम कारागीर घडले, यात शंका नाही. पण ती शाळा त्या घरात जन्मलेल्यालाच उघडी होती. कसब जातीच्या घरातून काढून वर्गात आणायचं, कुणाच्याही मुलासमोर, कुणाच्याही मुलीसमोर ठेवायचं, तर आधी ते शिकवता येईल अशा रूपात मांडावं लागतं. म्हणून कौशल्याची फोड मला फार मोठी गोष्ट वाटते. ती नसेल तर प्रवेशाचं दार उघडूनही आत गेलेल्याच्या हाती काही लागत नाही.

[युद्धकाळातले कारखाने.]

फोड झाली, पण ती समोरच्यापर्यंत पोचवायची कशी? पहिल्या महायुद्धात अमेरिकेत जहाजबांधणीसाठी कामगार झटपट तयार करायचे होते. चार्ल्स अ‍ॅलन यांनी तेव्हा धड्याच्या चार पायऱ्या ठरवल्या: शिकणाऱ्याची तयारी, सादरीकरण, त्याच्याकडून करून घेणं आणि पडताळणी. दुसऱ्या महायुद्धात याच पायऱ्यांवर कारखान्यांतल्या मुकादमांना शिकवायला शिकवण्यात आलं. भिंगं घासणारे कारागीर कमी पडत होते आणि ते काम शिकायला वर्षं लागायची. कामाची फोड करून, नेमकी अवघड जागा हेरून शिकवल्यावर तेच शिक्षण महिन्यांवर आलं. त्या कार्यक्रमाचं एक वाक्य होतं: कामगार शिकला नसेल, तर शिकवणाऱ्याने शिकवलेलं नाही. युद्धानंतर हा कार्यक्रम जपानला गेला आणि टोयोटाने तो मनापासून उचलला.

[दिल्ली, १९४०चं दशक.]

त्याच युद्धात हिंदुस्थानातही तंत्रज्ञ घडवण्याची योजना मजूर खात्याने चालवली होती. १९४२ ते १९४६ या काळात ते खातं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होतं. जुलै १९४५ मध्ये या खात्यात पुनर्वसन व रोजगार महासंचालनालय उभं राहिलं. रणांगणावरून परतणाऱ्या सैनिकांना काम आणि त्यासाठी प्रशिक्षण देणं ही त्याची पहिली जबाबदारी. फाळणीनंतर तिथे निर्वासित शिकले. १९५० मध्ये शिल्पकारागीर प्रशिक्षण योजना आली आणि त्यातूनच आजच्या आयटीआय घडल्या.

यातला एक तपशील मला विशेष वाटतो. ही योजना येण्याआधीच, १९४८ साली, बिलासपूरजवळ कोनी इथे निदेशकांना प्रशिक्षण देणारी मध्यवर्ती संस्था सुरू झाली होती. विद्यार्थ्यांआधी त्यांच्या मास्तरांचा विचार झाला होता.

[मुंबई. शीव-चुनाभट्टी. संस्थेचं फाटक.]

मुंबईत आज हे काम चुनाभट्टीच्या राष्ट्रीय कौशल्य प्रशिक्षण संस्थेत चालतं. एक वर्षाचा अभ्यासक्रम, क्राफ्ट इन्स्ट्रक्टर ट्रेनिंग स्कीम; सगळे त्याला सीआयटीएस म्हणतात. इथले विद्यार्थी आधीच जोडारी आहेत, कातारी (टर्नर) आहेत, संधाता (वेल्डर) आहेत, वीजतंत्री आहेत. काम त्यांना येतं. ते शिकवायला शिकायला आलेत. प्रत्येकाने पाठ-टाचण लिहायचं, प्रात्यक्षिक द्यायचं, आणि सोबत्यांनी ते बघून चुका काढायच्या.

फिटर ट्रेडच्या राष्ट्रीय अभ्यासक्रमात एक अट आहे, ती फारशी कुणी वाचत नाही. दोन निदेशकांपैकी एक पदवी किंवा पदविकाधारक हवा, दुसरा आयटीआय करून किंवा शिकाऊ उमेदवारी करून आलेला हवा, आणि दोघांकडेही निदेशकाचं प्रमाणपत्र हवं. किती विचार आहे या ओळीत! एकाला 'का' माहीत, दुसऱ्याला 'कसं' माहीत, आणि दोघांनाही ते पोचवता यायला हवं. अभियांत्रिकीच्या पदवीला कानस हातात येते ती बहुधा पहिल्या वर्षाच्या कार्यशाळेत, तीही थोडे दिवस. तो पदवीधर निदेशक झाला तर त्याला हातांच्या पुस्तकातली पहिली पानं पुन्हा उघडावी लागतात. त्यात कमीपणा काहीच नाही.

[भोपाळ. ग्रंथालय, वर्ग.]

तंत्रनिकेतनांच्या, म्हणजे पॉलिटेक्निकच्या, अध्यापकांसाठी १९६०च्या दशकात देशात चार संस्था निघाल्या: कोलकाता, चेन्नई, चंदीगड आणि भोपाळ. महाराष्ट्र आणि गोवा भोपाळच्या क्षेत्रात येतात; त्या संस्थेचं एक विस्तार केंद्र पुण्यात आहे. तंत्रशिक्षण हाच संशोधनाचा विषय, असं मानणारी ही ठिकाणं.

आणि विषयांना तोटा नाही. वेल्डिंगच्या सिम्युलेटरवर पडद्यातली ठिणगी बघून सराव केलेला हात खऱ्या आर्कसमोर किती टिकतो? अभ्यासक्रमात 'कन्व्हेक्स' छापलेलं असतं. मुलाच्या मनात चित्र उमटतं ते 'फुगीर' म्हटल्यावर. मग शिकवताना कुठला शब्द आधी यावा? दृष्टी अधू असलेल्या प्रशिक्षणार्थ्याला गुण्याचा उजेड बोटांनी कसा वाचता येईल? महाराष्ट्रात चारशेहून अधिक शासकीय आयटीआय आहेत. या प्रश्नांची प्रयोगशाळा दर तालुक्यात तयार आहे. एखादी अभियंता "मी कानस शिकवण्यावर पीएच.डी. करतेय" असं म्हणाली, तर तिच्या घरच्यांनी आणि विभागप्रमुखांनी तितक्याच आदराने ऐकावं, असं मला मनापासून वाटतं.

[पुन्हा कार्यशाळा. तोच मुलगा, तोच तुकडा.]

निदेशक आता त्याच्या बाकाशी आलेत. त्यांनी कानस घेतलेली नाही. आधी व्हाइसची उंची त्याच्या कोपराशी ताडून पाहिली. कमी होती, त्यांनी त्याला शेजारच्या उंच बाकावर नेलं. डावा पाय पुढे घ्यायला लावला. मग त्याच्या दोन्ही हातांवर आपले हात ठेवून तीन फटके मारले, अगदी सावकाश, दाब कुठून कुठे जातो ते बोलत. आणि हात काढून घेतले.

"आता तू कर. आणि काय करतोयस ते मोठ्याने सांग."

मुलगा घसा खाकरतो. "आधी... डावा हात."

[कानशीचा आवाज. पुढे खरखर. मागे शांत.]